वाचकांचे प्रश्न : सून, स्नाहा आणि स्नुखा

गेल्या अंकात या सदरात ओझरतं लिहिलं होतं, की सर्बियन भाषेतला ‘स्नाहा’ (मुलाची बायको) आणि मराठीतला ‘सून’ हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. त्या एका ओळीवर बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

आधी लिपीबद्दल थोडं. शब्दाआधी * अशी फुली दिसली, तर ते रूप कुठल्याही हस्तलिखितात मिळालेलं नाही, वंशजांवरून मागे जाऊन ठरवलेलं आहे. स्लाव्हिक (रशियन, पोलिश, सर्बियन वगैरे भाषांचं कुळ) ‘ख’ म्हणजे आपला महाप्राण ख नव्हे. तो घशाजवळ घासत येतो, उर्दू ‘ख़बर’मधल्यासारखा. आद्य-स्लाव्हिक, म्हणजे या सगळ्या स्लाव्हिक भाषांच्या मूळ भाषेतल्या, *स्नुखा या रूपातला ‘उ’ अतिऱ्हस्व आहे, अर्ध्या मात्रेचा म्हणा. त्या स्वराला ‘येर’ म्हणतात. त्याचा एक जोडीदारही आहे, अतिऱ्हस्व ‘इ’. पुढे सगळं या दोघांवर अवलंबून आहे.

प्रश्न : ‘स्नाहा’ आणि ‘सून’ यांत सारखं काय, तर स आणि न. एवढ्यावर नातं जोडायचं, तर इंग्रजी ‘सन’, म्हणजे मुलगा, हाही याच घरातला म्हणावा लागेल. – वाचक, नाशिक

शंका रास्त आहे. कानाला सारखं वाटलं म्हणून शब्द नात्यातले ठरत नाहीत. शब्दांमधले फरक नियमाने पडतात का, तोच फरक त्याच जागी इतर शब्दांतही दिसतो का, हे पाहायचं असतं. तेव्हा अक्षर-अक्षर घेऊ.

संस्कृतात शब्द आहे ‘स्नुषा’. प्राचीन चर्च-स्लाव्हॉनिकमध्ये, म्हणजे सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रसारक बंधू 863 मध्ये मध्य युरोपातल्या मोराव्हियात गेले तेव्हापासून लिहिल्या जाऊ लागलेल्या भाषेत, ‘स्नुखा’. रशियन ‘स्नोखा’, बल्गेरियन ‘स्नाखा’, चेक ‘स्नाखा’, स्लोव्हेन आणि क्रोएशियन ‘स्नाहा’. ग्रीकमध्ये ‘नुओस’, लॅटिनमध्ये ‘नुरुस’, आर्मेनियनमध्ये ‘नू’, जुन्या इंग्रजीत ‘स्नोरु’. अर्थ सगळीकडे एकच, सून.

सुरुवातीचा ‘स्न’ संस्कृत, स्लाव्हिक आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन वगैरे) शाखांनी जपला. ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन यांनी स टाकला. हे फक्त याच शब्दात झालेलं नाही. बर्फाला रशियनमध्ये ‘स्न्येग’ आणि इंग्रजीत ‘स्नो’, तर लॅटिनमध्ये ‘निक्स’. म्हणजे लॅटिनला शब्दारंभी ‘स्न’ चालतच नव्हता.

खरी गंमत मधल्या व्यंजनात आहे. संस्कृतात ष, स्लाव्हिकमध्ये ख. वरवर पाहिलं तर या दोघांचा काही संबंध दिसत नाही. पण मूळ स हा र, उ, क किंवा इ यांच्या लगेच नंतर आला की संस्कृतात त्याचा ष होतो आणि स्लाव्हिकमध्ये, पुढे स्वर असल्यास, ख. त्या चार ध्वनींवरून या नियमाला ‘रुकी’ म्हणतात. पडताळा सहज मिळतो. संस्कृत सप्तमी बहुवचन ‘त्रिषु’, म्हणजे तिघांमध्ये. प्राचीन स्लाव्हॉनिक ‘त्रिखु’, आजचं रशियन ‘त्र्योख’. ‘सूनुषु’, म्हणजे मुलांमध्ये. प्राचीन स्लाव्हॉनिक ‘सिनुखु’. आणि जिथे आधी या चौघांपैकी कुणी नाही तिथे स तसाच राहतो : संस्कृत ‘नासा’, रशियन ‘नोस’. ‘स्नुषा’मध्ये स च्या आधी उ आहे, म्हणून ष आणि ख यायलाच हवेत, आणि येतात.

लॅटिन आणि जर्मानिकमधला र वेगवेगळ्या कारणांनी आला आहे. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या स चा र होतो. जर्मानिकमध्ये तसा सरसकट नियम नाही. तिथे आघात पुढच्या अक्षरावर असेल तरच स घोष (‘ज़’सारखा) होतो आणि मग त्याचा र बनतो. हा नियम डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नर यांनी 1877 मध्ये मांडला. म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या ‘स्नोरु’च्या र वरून कळतं, की मूळ शब्दात आघात शेवटच्या अक्षरावर होता. आता पाहा : वैदिक ‘स्नुषा’चा उदात्त शेवटी, ग्रीक ‘नुओस’चा आघात शेवटी, रशियन ‘स्नोखा’चा आजही शेवटी. चार शाखांची साक्ष जुळते. हा योगायोग असता, तर आघातापर्यंत जुळला नसता.

इंग्रजी ‘सन’चा प्रश्न पुढे एका पत्रात पुन्हा येतो, तिथे पाहू.

प्रश्न : ‘आद्य-स्लाव्हिक’ कुणी लिहिलीच नाही, तर *स्नुखा हे रूप ठरवलं कसं? बहुमताने? – वाचक, पुणे

बहुमताने नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. मोजायला बसलात तर ‘आ’वाल्या भाषा जास्त भरतील (सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेन, बल्गेरियन, चेक) आणि तुम्ही मूळ रूप ‘स्नाखा’ ठरवाल. ते चूक ठरेल.

क्रम असा असतो. पहिल्यांदा प्रत्येक भाषेतलं सर्वांत जुनं रूप आणि बोलींतली रूपं गोळा करायची. मग ज्या जागी रूपं वेगळी होतात ती जागा घ्यायची; इथे ती पहिल्या स्वराची आहे. त्यानंतर तोच भेद दाखवणारा दुसरा, निर्विवाद शब्द शोधायचा. इथे ‘झोप, स्वप्न’ हा शब्द उपयोगी पडतो (आपल्या ‘स्वप्न’चाच भाऊ). रशियनमध्ये ‘सोन’, सर्बियनमध्ये ‘सान’, चेक आणि पोलिशमध्ये ‘सेन’. ओ, आ, ए. ही येरची ओळखपत्रं आहेत. साध्या आ चा रशियनमध्ये ओ होत नाही. म्हणून रशियन ‘स्नोखा’ आणि सर्बियन ‘स्नाहा’ समोरासमोर आल्या की मूळ स्वर येरच असणार. प्राचीन स्लाव्हॉनिक लिपीत त्या जागी येरचं अक्षर लिहिलेलं मिळतंच, पण ते नसतं तरी निष्कर्ष हाच निघाला असता.

हे अक्षर आजही जिवंत आहे. रशियनमध्ये त्याला ‘कठीण चिन्ह’ म्हणतात आणि त्याला स्वतःचा उच्चार नाही. 1918 च्या लेखनसुधारणेपर्यंत ते व्यंजनान्त शब्दांच्या शेवटी उगाच लिहिलं जायचं. बल्गेरियनमध्ये मात्र ते अजून खराखुरा स्वर आहे. देशाच्या नावातच आहे.

आता अडचण. येर दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान सगळीकडे पडू लागले, पण सगळे पडले नाहीत. शब्दाच्या शेवटाकडून मोजत यायचं : अखेरचा येर दुबळा, त्याच्या मागचा बळकट, त्याच्या मागचा पुन्हा दुबळा; मध्ये पूर्ण स्वर आला की मोजणी नव्याने. दुबळा गळतो, बळकट पूर्ण स्वर बनतो. चेक अभ्यासक हाव्हलिक यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. ‘स्वप्न’ हा शब्द *सुनु असा होता : शेवटचा येर गळाला, आधीचा टिकला, म्हणून रशियन ‘सोन’. षष्ठीत शेवटी पूर्ण आ आला, म्हणून पहिला येर दुबळा पडला आणि रूप झालं ‘स्ना’.

हा नियम *स्नुखा ला लावला, तर पुढे पूर्ण आ असल्यामुळे येर गळायला हवा आणि ‘स्न्खा’ असं तोंडात न मावणारं रूप उरायला हवं. तसं झालं नाही. षष्ठी बहुवचनात (*स्नुखु) येर बळकट होता, तिथून रशियन ‘स्नोख’ हे रूप नियमाने आलं, आणि तोच ओ बाकीच्या रूपांतही पसरला. व्यंजनांची अवघड जोडणी टळली, हाही फायदा. नवशिके इथे हमखास अडखळतात : ‘नियम मोडला, म्हणजे व्युत्पत्ती चूक’ असं म्हणून मोकळे होतात. एका रूपात नियम मोडलेला दिसला, तर आधी त्याच शब्दाची बाकीची रूपं पाहावीत.

चेक ‘स्नाखा’मध्ये मात्र आ नियमात बसत नाही, तिथे ए हवा होता. म्हणून या शब्दाची पुनर्रचना चेकपासून सुरू करू नये. बल्गेरियन ‘स्नाखा’च्या लेखनावरही विसंबू नये, कारण तिथे आघात नसलेला आ आणि येर उच्चारात जवळजवळ एक होतात. आणि रशियन माणसाच्या तोंडून ‘स्नखा’ ऐकू आलं, तर ‘बघा, रशियनमध्येही अ आहे’ म्हणून आनंदून जाऊ नका. प्रमाण रशियनमध्ये आघात नसलेला ओ असाच उच्चारला जातो. उत्तरेकडच्या काही बोलींत तिथे स्वच्छ ओ ऐकू येतो.

सगळ्यांत नमुनेदार साक्ष पोलिशची आहे. तिथला जुना शब्द ‘स्नेश्का’. तो लघुत्वदर्शक रूपापासून, *स्नुशिका पासून आला. शेवटच्या आ आधीचा इ-येर दुबळा म्हणून गळाला, त्याच्या मागचा उ-येर बळकट म्हणून ए झाला. नियमाचा काटेकोर हिशेब.

प्रश्न : लहानपणापासून ऐकलं आहे, की सूनु म्हणजे मुलगा आणि सूनुची ती सून. मग ‘स्नुषा’ मध्येच कुठून आणली? – वाचक, सांगली

‘सूनुची ती सून’ ऐकायला छान आहे, पण मराठीचे ध्वनिनियमच तिला आडवे येतात.

दोन स्वरांमधला एकटा न प्राकृतात ण झाला आणि मराठीत ण च राहिला : जन – जण, पानीय – पाणी. ‘सूनु’पासून काही यायचं तर ‘सूण’ यायला हवं होतं. मराठीत दंत्य न येतो तो जोडाक्षरातून : कर्ण – कान, पर्ण – पान. ‘स्नुषा’चं प्राकृत रूप ‘सुण्हा’. ‘स्न’ फोडून मध्ये स्वर आला, ष चा ह झाला आणि तो ण ला चिकटला. पालीत मधलं ‘सुणिसा’ हे रूपही आहे. सुण्हा – सून हा प्रवास कसा झाला हे पाहायचं तर शेजारी ‘उष्ण – उण्ह – ऊन’ ठेवा. एकच साचा आहे : जोडाक्षर सुटं झालं, त्याची भरपाई म्हणून आधीचा उ दीर्घ झाला. शेवटचा आ गळाला, जसा जिव्हा – जिब्भा – जीभ मध्ये गळाला. पण तो पुरता गेला नाही. ‘सुना’ या अनेकवचनात आणि ‘सुनेला’ या सामान्यरूपात आकारान्त स्त्रीलिंगाची खूण उरली आहे, ‘जिभा, जिभेला’ यांच्यासारखीच.

पंजाबीने याच शब्दाचं उलटं केलं : सुरुवातीचा स टाकला आणि शेवटचा ह ठेवला. तिथे सुनेला ‘नूंह’ म्हणतात. स्लाव्हिक ख आणि पंजाबी ह हे एकाच जागेवरचे वारसदार. मराठीत त्या जागेवर आज काहीच नाही.

वेदातही दोन्ही शब्द सुटे आहेत. ऋग्वेदात (10.86.13) ‘सुपुत्र’ आणि ‘सुस्नुषे’ ही संबोधनं एकाच ओळीत येतात. अथर्ववेदात (8.6.24) ‘स्नुषेव श्वशुरादधि’ असा दृष्टान्त आहे : सासऱ्यापासून सून सरकते तसे सूर्यापासून दूर सरकणारे.

आता त्याहून मागे, आद्य-भारोपीय काळात, म्हणजे या सगळ्या शाखांची मूळ भाषा बोलली जायची तेव्हा, ‘मुलगा’ आणि ‘सून’ जोडलेले होते का? तसं मत आहे. मुलासाठीच्या शब्दाला प्रत्यय लावून ‘मुलाची’ अशा अर्थाने हा शब्द बनला असावा, असं काही अभ्यासक मांडतात. इंग्रजी ‘सन’ आणि संस्कृत ‘सूनु’ हे सख्खे भाऊ आहेतच, तेव्हा नाशिकच्या वाचकांची कोपरखळी अगदीच हवेत नव्हती. पण अडचण मोठी आहे. ‘सूनु’तला ऊ मुळात दीर्घ आहे, लिथुआनियन ‘सूनुस’ आणि स्लाव्हिक *सिनु दोन्ही त्याला दुजोरा देतात. ‘स्नुषा’त स आणि न यांच्यामध्ये स्वराचा मागमूस नाही. ऱ्हस्व स्वर गळून गेला असं म्हणता आलं असतं. दीर्घ स्वर असा पुसला जात नाही. दुसरं मत हा शब्द ‘लग्न करणे, मागणी घालणे’ या धातूशी जोडतं. लॅटिन ‘नूबेरे’ आणि चेक ‘स्नोउबेनेत्स’ (वाग्दत्त वर) त्यातूनच आले. तिसरं मत ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूकडे जातं. यात निकाल लागलेला नाही. आमच्या मते ‘मुलाची’ हे मत अर्थाला सोयीचं आणि ध्वनीला गैरसोयीचं आहे. अशा वेळी ध्वनीचं ऐकावं.

प्रश्न : क्रोएशियन शिकताना ‘सुनेला’ यासाठी एका ठिकाणी ‘स्नाही’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘स्नासि’ असं वाचलं. छपाईची चूक का? – वाचक, ठाणे

चूक नाही. चतुर्थी एकवचनाचा जुना प्रत्यय अशा स्वराचा होता, की त्याच्यापुढे ख टिकत नसे. दक्षिण आणि पूर्व स्लाव्हिकमध्ये त्याचा स झाला, पश्चिमेकडे श. म्हणून प्राचीन स्लाव्हॉनिक ‘स्नुसे’, आणि चेकमध्ये आजही ‘स्नाखा’ची चतुर्थी ‘स्नाशे’. क्रोएशियनमध्ये जुनं ‘स्नासि’ आणि प्रथमेवरून सरळ केलेलं ‘स्नाही’ दोन्ही भेटतात. स्वतः लिहिताना ‘स्नाही’ लिहा, वाचताना दोन्ही ओळखा. रशियनने हा भेद पूर्ण पुसला. तिथे ख कायम राहतो. मात्र लाडिक ‘स्नोशेन्का’मध्ये ख चा श झालेला दिसतो. तो याहून जुना, वेगळा बदल आहे.

सर्बियामध्ये ‘स्नाहा’पेक्षा ‘स्नाया’ जास्त ऐकू येईल. दोन स्वरांमधला ह गळाला आणि ती फट य ने भरली. मॅसिडोनियनने फट तशीच ठेवली : ‘स्नाआ’.

प्रश्न : रशियन कथेचा अनुवाद करते आहे. एकाच बाईला एकदा ‘स्नोखा’ आणि एकदा ‘न्येव्येस्तका’ म्हटलं आहे. मराठीत दोन्हीकडे ‘सून’ चालेल? – वाचक, कोल्हापूर

त्या कथेत चालेल, पण सगळीकडे नाही. जुन्या काटेकोर वापरात सासऱ्याच्या दृष्टीने ती ‘स्नोखा’ आणि सासूच्या दृष्टीने ‘न्येव्येस्तका’. शब्दकोशांत ही वाटणी दिलेली असते, पण लेखक ती पाळतातच असं नाही. रशियन सिनोदल बायबलमध्ये (रशियन चर्चचा अधिकृत अनुवाद, पूर्ण आवृत्ती 1876) रूथ ही नाओमीची, म्हणजे सासूची ‘स्नोखा’ आहे. आणि मत्तयच्या दहाव्या अध्यायात सून-सासूच्या फुटीचा उल्लेख येतो तिथे ‘न्येव्येस्तका’ आहे.

खरा सापळा दुसरीकडे आहे. ‘न्येव्येस्तका’ म्हणजे भावाची बायकोही असू शकते. तिथे ‘सून’ लिहिलंत, तर वहिनीची सून होऊन बसेल. त्यामुळे आधी वंशावळ कागदावर मांडा, मग शब्द निवडा. बल्गेरियन आणि सर्बियनमध्ये हा धोका ‘स्नाखा’ आणि ‘स्नाया’ या शब्दांतच आहे, कारण तेही मुलाची बायको आणि भावाची बायको या दोघींना चालतात.

एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यावरचं लेखन असेल, तर ‘स्नोखाच’ हा शब्द भेटेल. सुनेशी शरीरसंबंध ठेवणारा सासरा, असा त्याचा अर्थ. मुलगे सैन्यात किंवा दूर मजुरीला गेलेल्या घरांमधला हा प्रकार गावात आणि चर्चमध्ये निंद्य मानला जाई. अनुवादात तिथे सौम्य शब्द शोधत बसू नये.

प्रश्न : पोलिश आणि युक्रेनियनमध्ये हा शब्द दिसत नाही. का गेला? – वाचक, नागपूर

पोलिशमध्ये ‘सिन’, म्हणजे मुलगा, यापासून ‘सिनोव्हा’ (मुलाची) असा पारदर्शक शब्द बनला आणि त्याने ‘स्नेश्का’ला बाजूला सारलं. सांगलीच्या वाचकांना आवडेल : ‘सूनुची ती सून’ ही कल्पना पोलिशांनी खरी करून दाखवली, फक्त खूप उशिरा.

युक्रेनियनमध्ये ‘नेव्हिस्तका’ आणि स्लोव्हाकमध्ये ‘नेव्हेस्ता’ हे शब्द पुढे आले. मूळ अर्थ नवरी. नवी आलेली मुलगी घरात ‘नवरी’ म्हणून ओळखली जाते आणि तेच नाव टिकतं. *नेव्हेस्ता ची फोड बहुतेक जण ‘न’ आणि ‘विद्’ अशी करतात, म्हणजे अज्ञात, न ओळखलेली; काही जण तिचा संबंध ‘नव’शी लावतात.

जर्मनमध्येही जुना शब्द ‘श्नूर’ मागे पडला. आज कोशात तो शोधलात तर आधी ‘दोरी’ मिळेल. तो निराळा शब्द आहे, फक्त रूप सारखं. आणि स्लाव्हिकच्या सर्वांत जवळच्या बाल्टिक शाखेने तर हा शब्द पूर्णच गमावला : लिथुआनियन ‘मार्ती’, लाटव्हियन ‘वेदेक्ला’.

प्रश्न : हिंदीतल्या ‘बहू’चं तिकडे कुणी आहे का? – वाचक, इंदूर

‘बहू’ हा ‘वधू’चा वंशज. ‘वधू’ला बहुतेक अभ्यासक ‘नेणे, घरी घेऊन येणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. रशियन ‘वेस्ती’ (नेणे) त्याच धातूचा, आणि वर आलेला लाटव्हियन ‘वेदेक्ला’ही. मराठीत ‘वधू’ लग्नपत्रिकेत राहिली आणि घरात ‘सून’. हिंदीत घरातली जागाही ‘बहू’ने घेतली.

प्रश्न : सून एकटीच का? सासू, दीर, नणंद, जाऊ यांचं काय? – वाचक, सातारा, रत्नागिरी आणि बेळगाव

लग्नात ऐकलेली ऋचा आठवा (ऋग्वेद 10.85.46) : सम्राज्ञी श्वशुरे भव, सम्राज्ञी श्वश्र्वां भव, ननान्दरि सम्राज्ञी भव, सम्राज्ञी अधि देवृषु. सासरा, सासू, नणंद, दीर. या चौघांपैकी तिघांची भावंडं स्लाव्हिकमध्ये आहेत.

दीर : संस्कृत देवृ, देवर; आद्य-स्लाव्हिक *देवेरि, रशियन ‘द्येवेर’, सर्बियन ‘देवेर’. सर्बियन लग्नात नवरीला सांभाळून आणणाऱ्या माणसालाही ‘देवेर’ म्हणतात, मग तो नात्याने दीर असो वा नसो. जाऊ त्या ऋचेत नाही, पण जोडी लखलखीत आहे : संस्कृत यातृ, आद्य-स्लाव्हिक *येंत्री, सर्बियन ‘येत्र्वा’, बल्गेरियन ‘एतर्वा’. मधला अनुनासिक संस्कृतात दिसत नाही, पण लॅटिन ‘यानित्रीकेस’मध्ये न स्पष्ट आहे, त्यामुळे स्लाव्हिक रूप इथे अधिक जुनं मानावं. रशियन प्रमाणभाषेतून हा शब्द गेला. नणंदेचा मात्र वेगळा वंश आहे : रशियन ‘ज़ोलोव्का’, सर्बियन ‘ज़ाओवा’, लॅटिन ‘ग्लोस’. ‘ननान्दृ’शी त्यांचा संबंध नाही.

सासू-सासऱ्यांकडे थोडं थांबावं लागतं, कारण इथे नियम खरोखर अडतो. श्वश्रू आणि *स्वेक्री (रशियन ‘स्वेक्रोव’). संस्कृत श समोर स्लाव्हिकमध्ये स यायला हवा : शत – रशियन ‘स्तो’, दश – ‘देस्यात’. पण इथे क आहे. लिथुआनियनमध्ये सासरा ‘शेशुरास’, म्हणजे तिथे नियम पाळला गेला. स्लाव्हिकमधल्या क चं सगळ्यांत पटणारं कारण शेजारचा र आहे : ‘श्र’ होऊ घातलेला तालव्य क पुढच्या र मुळे पुन्हा साधा क झाला. आधी सासूच्या शब्दात हे घडलं आणि तिच्यावरून सासऱ्याच्या शब्दातही क आला. संस्कृतची बाजूही निष्कलंक नाही. ‘श्वशुर’चा पहिला श मुळात स होता, मधल्या श च्या ओढीने तो बदलला.

अनुवादकांसाठी एक गोष्ट. हे सगळे शब्द नवऱ्याच्या घरच्या माणसांचे, म्हणजे सुनेच्या तोंडचे आहेत. बायकोच्या आईवडिलांना स्लाव्हिकमध्ये वेगळे शब्द आहेत : रशियन ‘त्येस्त’ आणि ‘त्योश्चा’. मराठीत दोन्हीकडे सासू-सासरेच. त्यामुळे मराठीतून रशियनमध्ये जाताना ‘कुणाची सासू?’ हे विचारल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. रशियन विनोदांतली सासू जवळजवळ नेहमी ‘त्योश्चा’ असते, जावयाची. मराठी विनोदातली बहुधा सुनेची.

प्रश्न : इतके शब्द जुळतात, तर रशियन ही संस्कृतापासून निघाली असं सरळ का म्हणू नये? तसे संदेश सारखे येत असतात. – वाचक, औरंगाबाद आणि मुंबई

कारण ‘स्नुषा’ हा शब्दच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ग्रीक ‘नुओस’ स्त्रीलिंगी आहे, पण त्याचा शेवट ‘ओस’, म्हणजे पुल्लिंगी ‘देवः’, ‘जनः’ यांच्या जातीचा. आर्मेनियन ‘नू’ची षष्ठी ‘नुओय’, तीही त्याच गटाची. लॅटिन ‘नुरुस’ने ‘सासू’साठीच्या ‘सोक्रुस’ची नक्कल करून गट बदलला. बाईसाठीच्या शब्दाला असा शेवट कुणी मुद्दाम लावणार नाही. तो जुना वारसा असला तरच टिकतो. म्हणून मूळ रूप *स्नुसोस असं मानतात. संस्कृत, स्लाव्हिक आणि जर्मानिक यांनी त्याला रीतसर स्त्रीलिंगी आ लावून घेतला. म्हणजे या शब्दात खुद्द संस्कृतानेच बदल केला आहे, आणि ग्रीक-आर्मेनियन रूपं संस्कृतापेक्षा जुनी अवस्था दाखवतात. संस्कृत हीच जननी असती, तर तिने टाकून दिलेला शेवट लेकींना कुठून मिळाला असता?

दुसरा पुरावा स्वरांचा. मूळच्या अ, ए, ओ या तीन ऱ्हस्व स्वरांचा संस्कृतात एकच अ झाला. स्लाव्हिकने निदान ए वेगळा ठेवला : ‘चत्वारः’ला रशियन ‘चेतीरे’. आणि संस्कृतातही तिथे पूर्वी ए होता, हे त्या च वरूनच कळतं. मूळ क चा च होतो तो पुढे ए किंवा इ असला तरच. एकदा मिसळलेले स्वर पुन्हा बरोबर आपापल्या जागी वेगळे करता येत नाहीत. तेव्हा रशियन संस्कृतापासून निघालेली नाही आणि संस्कृत रशियनपासूनही नाही. नात्याच्याच भाषेत सांगायचं तर त्या मायलेकी नव्हेत, चुलत बहिणी आहेत.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारून पाहा : रशियन ‘स्नोखा’तला ओ कुठून आला?